एअर ब्रेक शिकताना : पाचवर स्थिर राहिलेला काटा

सातपूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात रुजू झालो, तेव्हा गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये ५, हवेच्या टाक्या भरणाऱ्या फीड पाइपमध्ये ६ आणि चाकांवर ब्रेक दाबणाऱ्या ब्रेक सिलिंडरमध्ये ३.८ किलो प्रेशर हे आकडे मला झोपेतून उठवले तरी सांगता येत होते. नाशिकरोडला खोली घेऊन रेल्वे भरतीचा अभ्यास करणारी मुले आजही तेच पाठ करतात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. यार्डात मात्र त्या आकड्यांनीच माझा घात केला.

इंजिनातून पाइपमध्ये पाठवलेली हवाच ब्रेक लावते, ही समजूत आधी मनातून काढून टाका. चाके आवळते ती प्रत्येक वॅगनच्या स्वतःच्या ऑक्झिलरी रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे हवेच्या टाकीत, साठलेली हवा. ब्रेक पाइपमधले प्रेशर उतरणे हा तिच्यासाठीचा निरोप असतो. तो मिळाला की डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह ती हवा सिलिंडरमध्ये सोडतो. म्हणूनच दोन वॅगनचे पाइप जोडणारी रबरी नळी, म्हणजे होज, फुटला किंवा कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तरी दोन्हीकडचे ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आणलेली ही रचना मला आजही थक्क करते.

परंतु निरोप वाटेतच अडला तर? एका मालगाडीच्या मधल्या वॅगनचा होज मी बदलला. त्यासाठी दोन्ही बाजूंचे अँगल कॉक, म्हणजे पाइपमधली हवा अडवणारे तोट्यांसारखे कॉक, बंद केले आणि काम झाल्यावर त्यांतला एकच उघडला. इंजिनातला काटा ५ वर होता, शेवटच्या ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या डब्यातलाही, ५ च्या जवळच होता, आणि मी रेक, म्हणजे जोडलेली अख्खी गाडी, ठीक असल्याचे सांगून टाकले. मागच्या काट्यावर दिसत होते ते आधी भरलेल्या, बंद कॉकच्या पलीकडे कोंडलेल्या हवेचे प्रेशर. इंजिनाशी तिचा संबंधच उरलेला नव्हता. लोको पायलटने प्रेशर ३.५ पर्यंत उतरवले असते, तर पुढच्या वॅगनना ब्रेक लागले असते आणि मागच्या पाइपमध्ये ५ किलो तसेच राहून तिथले सगळे ब्रेक मोकळे राहिले असते. इगतपुरीहून कसाऱ्याकडे घाट ३७ ला १ असा उतरतो. तिथे मागच्या मोकळ्या वॅगनचे सगळे वजन पुढच्यांना ढकलत आले असते, हे आठवले की आजही माझे हात गार पडतात.

रेकच्या कडेने पायी निघालेल्या एका ज्येष्ठ फिटरकाकांना तो कॉक पाइपला आडवा दिसला. ते रागावले नाहीत. ‘पोरा, काटा नको बघूस, काटा पडतो का ते बघ,’ एवढेच म्हणाले. एका टोकाला प्रेशर उतरवायचे आणि दुसऱ्या टोकाला ते उतरते का हे पाहायचे, हीच कंटिन्युइटी टेस्ट. ती माझ्या वहीत होती, हातात नव्हती. गाइडमधली उत्तरे पुरवणाऱ्या दहा जणांपेक्षा रेकबरोबर चालायला लावणारा एक माणूस धरा, असे माझे ठाम मत आहे.

ब्रेक जाम दिसला की कारण न शोधता रिलीजची, म्हणजे वॅगनमधली साठलेली हवा काढून टाकणारी, दांडी ओढून मोकळे होणाऱ्यांपासूनही दूर राहा. पॅरिसच्या गार द ल्याँ स्थानकात १९८८ मध्ये नेमके हेच दोन दोष एकत्र आले : कॉक चुकून बंद झाला होता आणि जाम ब्रेक हवा काढून सोडवले गेले होते. उतारावर गाडी आवरली नाही आणि ५६ माणसे गेली.

हे वाचून घाबरू नका. दांडा पाइपला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद, हे डोळ्यांत बसायला महिनाभर पुरतो. त्या दिवशी काकांनी कॉक उघडला, पाइप पुन्हा भरू दिला आणि मला ब्रेक व्हॅनमध्ये उभे केले. पुढे इंजिनात प्रेशर उतरवले गेले, आणि काही क्षणांनी माझ्यासमोरचा काटा पाचवरून हळूहळू खाली येऊ लागला.