कालव्याच्या काठाने तुलूझ ते बोर्दो: सायकलवर सहा दिवस

नीरा डाव्या कालव्यावर माझी ३४ वर्षं नोकरी झाली. सुरुवातीला बारामती उपविभागात जीप साहेबांकडे असायची आणि आमच्याकडे सायकल. भरावावरचा सेवापथ हाच रोजचा रस्ता. तेव्हापासून अंगात मुरलेली गोष्ट अशी, की कालव्याच्या कडेने जाणाऱ्याला दम लागत नाही. पाणी चढत नाही, म्हणून वाटही चढत नाही.

मुलगा दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला विमानाच्या कारखान्यात असतो. निवृत्तीनंतर सप्टेंबरात मी आणि पत्नी शोभा त्याच्याकडे गेलो आणि तिथून बोर्दोपर्यंत सायकलने गेलो. माझं वय ६१, तिचं ५७. आम्ही शर्यतीतले सायकलस्वार नव्हे. दिवसाला ४०-५० किलोमीटर जमतं एवढंच. ज्यांना तेवढं जमतं त्यांनी हा प्रवास करावा असं मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

फ्रान्समध्ये मोटारी नसलेली वाट शोधायची तर नकाशावर दोन गोष्टी पाहा: जुना कालवा किंवा बंद पडलेला लोहमार्ग. आगगाडीलाही चढ सोसत नाही, त्यामुळे दोन्हीकडे सपाटी मिळते. अशा वाटेला तिथे ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. चौकोनी निळ्या पाटीवर पायी माणूस आणि सायकल अशी पांढरी चित्रं दिसली की समजायचं, इथे मोटारीला मज्जाव. बर्गंडीत झिव्री ते क्लूनी या जुन्या लोहमार्गावर १९९७ साली देशातली पहिली अशी वाट झाली, साधारण ४४ किलोमीटरची. ल्वार नदीकाठचा मार्ग जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथे बराच भाग गावरस्त्यांवरून जातो आणि अधूनमधून मोटारी भेटतात.

तुलूझहून दोन बाजूंना कालवे निघतात. पूर्वेकडचा कानाल द्यु मिदी. १६६६ ते १६८१ या काळात प्येर-पोल रिके यांनी तो खोदवला. जगभर नाव आहे त्याचं. पण त्याच्या काठाची डांबरी वाट जेमतेम ५० किलोमीटर आहे. पुढे बराच भाग कच्चा, झाडांच्या मुळांनी उचललेला, आणि पाऊस झाला की चिखल. पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेकडचा गारोन कालवा धरावा. लांबी १९३ किलोमीटर, ५३ लॉक (बोटींना वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद), १८५६ मध्ये पूर्ण झालेला, आणि वाट जवळजवळ सलग डांबरी. तुलूझपासून तो सुमारे १३० मीटर उतरतो. हा उतार पायांना जाणवत नाही, पण लॉक आलं की दहा-वीस पावलांचा छोटासा घसरता तुकडा मिळतो. अटलांटिकवरून येणारा वारा मात्र बहुतेक वेळा समोरून असतो. म्हणून सकाळी आठच्या आत निघा, दुपारपर्यंत मुक्काम गाठा.

सायकल इथून नेऊ नका. तुलूझमध्ये भाड्याने मिळते आणि काही दुकानं ती बोर्दोला सोडायची सोयही करतात. जाड टायरची, सरळ हँडलची, मागे कॅरिअर असलेली सायकल मागा. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद हवा, कारण चिनाराच्या मुळांनी डांबर फुगलेलं असतं आणि अरुंद टायरवर मनगटं दुखतात. पाठीवर पिशवी घेऊ नका; सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत वाटून ठेवा. पिशव्या फार रुंद नकोत. जिथे जिथे आडवा रस्ता येतो तिथे मोटार घुसू नये म्हणून नागमोडी लोखंडी अडसर असतात, त्यात पिशवी अडकते. माझ्या डाव्या पिशवीचा हूक दुसऱ्याच दिवशी तिथे तुटला. पुढचे चार दिवस ती सुतळीने बांधून नेली, म्हणून सुतळीचा गुंडा जरूर ठेवा.

शहरातून बाहेर पडताना पाँ-झ्युमो या ठिकाणी जा. तिथे तीन कालवे एका डोहात मिळतात. त्यातला ब्रिएनचा छोटा कालवा गारोन नदीचं पाणी आणून आपल्या कालव्याला पुरवतो. पहिले काही किलोमीटर गोदामं आणि लोहमार्ग दिसतात, मन खट्टू होतं. तिकडे लक्ष न देता पुढे चला. ग्रिझोलच्या आसपास झाडांची कमान सुरू होते आणि मग पाणी, सावली आणि चेनचा आवाज, एवढंच उरतं.

मोंतेशला किमान दोन तास राखून ठेवा. पाच लॉकमधून बोटींना वेळ फार लागायचा, म्हणून १९७४ मध्ये इथे वेगळीच युक्ती केली. उताराचं एक काँक्रीटचं पन्हाळं बांधलं. त्याच्या दोन्ही कडांना रबरी चाकांची दोन इंजिनं, आणि त्यांच्यामध्ये एक दार. बोट पन्हाळ्यात आली की मागून दार टेकवायचं आणि पाण्याची पाचर बोटीसकट वर ढकलत न्यायची. पाण्याला चढ चढवण्याचा हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. २००९ पासून ती यंत्रणा बंद आहे, पण जागेवर जपलेली आहे, जवळून पाहता येते. मी त्या दाराच्या कडा पाहत इतका वेळ उभा राहिलो की शोभाने शेवटी डबा तिथेच उघडला.

पहिला मुक्काम म्वासाक, तुलूझहून साधारण ६५ किलोमीटर. सहा दिवसांतला हाच सर्वांत लांब टप्पा. तिथल्या मठाच्या चौकाभोवतीची ओवरी ११०० सालची आहे. संध्याकाळच्या उन्हात तिचे कोरीव खांब पाहावेत. सप्टेंबरात शास्ला नावाची सोनेरी द्राक्षं बाजारात असतात. साल पातळ, गोडी मऊ. अर्धा किलो घ्या.

दुसऱ्या दिवशी गोल्फेशच्या अणुवीज केंद्राचे दोन प्रचंड मनोरे बराच वेळ सोबत करतात. मुक्काम आझाँ. तिसऱ्या दिवशी सकाळी कालवा गारोन नदीवरून जातो: २३ कमानींचा, ५३९ मीटर लांबीचा दगडी जलसेतू. खाली नदी, वर कालवा, आणि कडेला अरुंद वाट. इथे उतरून सायकल हातात धरा, समोरून लोक येतात. मी मधोमध थांबून दगडांचे सांधे हाताने चाचपले. कुठे ओल नव्हती.

त्या दिवशी मास-दाझनेपर्यंत जा. गावाच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं १६३१ सालचं ख्रिस्ताचं मूळ चित्र आहे. एवढ्याशा गावात, एवढं मोठं चित्र! पुढचा मुक्काम ला रेओल.

आता खाण्यापिण्याचं, कारण आमची फजिती तिथेच झाली. रविवारी दुपारनंतर गावं कुलूपबंद होतात, आणि सोमवारीही कित्येक बेकऱ्या उघडत नाहीत. एरवीही बारा ते दोन दुकानं बंद. आमच्याकडे एका रविवारी दोघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं. लॉकजवळ गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना रिकामी बाटली दाखवली, तर त्यांनी गावाच्या दफनभूमीकडे बोट केलं. तिथे फुलांना घालायला नळ असतो. बहुतेक गावांत असतो. मात्र ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असली तर ते पाणी पिऊ नका. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचा पाव, चीज, फळं आणि डब्यातले उकडलेले काबुली चणे घेऊन ठेवा. आम्ही घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पोहे नेले होते. तूप, लोणी, खवा मात्र नेऊ नका. युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

मुक्कामासाठी ‘आक्य व्हेलो’ अशी पाटी असलेलं घर किंवा हॉटेल पाहा. ते मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतं आणि सायकलला बंद जागा मिळते. रात्रीच्या मुक्कामांची आरक्षणं आधी केलीत तर शेंगेन व्हिसाच्या कागदांतही ती कामी येतात.

वाटेवर उजवीकडून चाला. पायी माणसाला आधी जाऊ द्या, घंटी लांबूनच हळू वाजवा आणि जवळ आलात की ‘बाँझूर’ म्हणा. गळ टाकणाऱ्यांच्या लांब काठ्या कधी कधी वाटेवर आडव्या पडलेल्या असतात. त्या फार महाग असतात, वरून चाक नेऊ नका. थकलात तर तुलूझ–बोर्दो लोहमार्ग बहुतेक सगळ्या वाटेत जवळच आहे. म्वासाक, आझाँ, मार्मांद, ला रेओल, कुठूनही टेर नावाची स्थानिक गाडी पकडता येते आणि तीत सायकल घेतात.

ला रेओल ते सोव्हतेर-द-गुइयेन हा तुकडा मात्र गावरस्त्यांचा. द्राक्षमळ्यांतून चढउतार आहेत, तुरळक मोटारीही आहेत. शोभा दोन चढांवर उतरून चालली, मीही चाललो. सोव्हतेरला जुना लोहमार्ग लागतो आणि पुन्हा निवांतपणा. १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोझे लापेबी यांचं नाव या वाटेला दिलं आहे. क्रेओंला जुन्या स्टेशनात सायकलवाल्यांसाठी केंद्र आहे, दुरुस्ती तिथे होते. शेवटचा मुक्कामही तिथेच करा.

सहाव्या दिवशी गारोनच्या उजव्या काठाने बोर्दोत शिरलात की समोर १७ कमानींचा दगडी पूल दिसेल. त्यावर खासगी मोटारींना बंदी आहे. ट्राम, बस आणि सायकल. पूल ओलांडून स्टेशनकडे डावीकडे वळा, आणि तुलूझच्या तिकिटाबरोबर सायकलचं काय ते खिडकीवर विचारून घ्या. प्रत्येक गाडीचा नियम वेगळा असतो.