एडिटरला लँग्वेज सर्व्हर जोडताना मराठी-कन्नड ओळी मोजायच्या कशा

बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातल्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहायला घेतला की मराठी आणि कन्नड, दोन्ही मजकूर कोडमध्ये येऊन बसतो. नुसत्या इंग्रजी फायलींवर तपासलेली जोडणी अशा फाइलवर हमखास फसते. म्हणून स्वतःच्या एडिटरला लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून त्यातल्या चुका एडिटरला कळवणारा प्रोग्राम, जोडायचा असेल तर मजकुराच्या लांबीचं मोजमाप आधी पक्कं करा. बाकीचं काम त्यामानाने सरळ आहे.

सर्व्हर हा वेगळा प्रोग्राम. एडिटरने तो सुरू करायचा, त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर लिहायचं आणि आउटपुटवरून वाचायचं. सी++ चा सर्व्हर क्लँगडी थेट असाच चालतो. पायथॉनसाठीच्या पायराइटच्या सर्व्हरला मात्र ‘--स्टडआयओ’ हा पर्याय द्यावा लागतो. एरर आउटपुट वेगळ्या थ्रेडमधून सतत उपसत राहा. लिनक्सवर त्या पाइपमध्ये सहसा ६४ केबी मावतात. तो भरला की सर्व्हर लिहिता लिहिताच अडकतो आणि आपण तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

प्रत्येक मेसेजच्या आधी ‘कंटेंट-लेंग्थ’ची ओळ, मग एक रिकामी ओळ, मग जेसन या स्वरूपात लिहिलेला खुद्द मेसेज. दोन्ही ओळींच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपवणारी दोन्ही चिन्हं हवीत. विंडोजवर स्ट्रीम बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर सीआर दोनदा पडतो.

लेंग्थमधला आकडा यूटीएफ-८ बाइटचा, अक्षरांचा नव्हे. ‘बेळगाव’ हे ६ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं, काना-मात्राही वेगळी मोजायची), पण १८ बाइट. अक्षरं मोजून आकडा लिहिलात तर सर्व्हर १२ बाइट कमी वाचतो, जेसन तुटतं आणि उरलेले बाइट पुढच्या मेसेजच्या हेडरमध्ये, म्हणजे लेंग्थच्या ओळीत, घुसतात. पायथॉनचं जेसन मॉड्यूल मुळात देवनागरीचे एस्केप कोड करून देतं, त्यामुळे तिथे ही चूक झाकलेली राहते. तो पर्याय बंद केला की उघडी पडते.

आता क्रम. आधी ‘इनिशिअलाइझ’ पाठवा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर आल्यावर ‘इनिशिअलाइझ्ड’, मग फाइल उघडल्याचं कळवणारा ‘डिडओपन’. बदल कळवताना सुरुवातीला पूर्ण मजकूरच पाठवा. तुकड्यातुकड्याने कळवणं नंतर बघता येईल. व्हर्जनचा आकडा दर बदलाला वाढवा. सर्व्हरही उलट विनंत्या करतो, त्यांना उत्तर द्याच. येत नसेल तर ‘मेथड सापडली नाही’ म्हणजे -३२६०१ हा एरर द्या. गप्प बसलात तर काही सर्व्हर तिथेच थांबून राहतात.

फाइलचा पत्ता यूआरआय म्हणून, म्हणजे वेबपत्त्यासारखा, जातो. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर ‘ब’ चा ‘%ई०%ए४%एसी’ होतो. परत आलेला पत्ता डीकोड करूनच जुळवा, नाहीतर चुका येतात पण कुठल्याच फाइलवर दिसत नाहीत.

चुकांच्या जागा ओळ आणि स्तंभ अशा येतात, दोन्ही शून्यापासून. स्तंभ मोजायचा तो यूटीएफ-१६ एककांत (दोन-दोन बाइटच्या तुकड्यांत), आणि इथेच चुकीखालची लाल रेघ सरकते. ‘बेळगाव’ डोळ्यांना ४ अक्षरं, यूटीएफ-१६ मध्ये ६. कन्नड लिपीतलं ‘बेळगावी’ही डोळ्यांना ४, पण ७ एककं आणि २१ बाइट. आलेला स्तंभ बाइट समजून वापरलात तर ‘बेळगाव’च्या पुढची रेघ १२ बाइट आधीच, शब्दाच्या आत पडते, दिसणारी अक्षरं समजलात तर २ घरं पुढे जाते. गो आणि रस्टमध्ये लांबी बाइटमध्ये मिळते, पायथॉनमध्ये कोडपॉइंटमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये थेट यूटीएफ-१६ मध्ये. पायथॉनवाल्यांनी मराठी-कन्नड चाललं म्हणून खूश होऊ नये: एका साध्या इमोजीची २ एककं होतात, तिथे रेघ पुन्हा हलते. ओळीत तिन्ही घालूनच तपासा.

एडिटर-सर्व्हर संवादाच्या या नियमांच्या, म्हणजे प्रोटोकॉलच्या, ३.१७ आवृत्तीपासून एडिटरला चालणारी एन्कोडिंग ‘इनिशिअलाइझ’मध्ये सांगता येतात आणि सर्व्हर त्यातलं एक निवडतो. उत्तरात त्याचा उल्लेख नसेल तर यूटीएफ-१६ च धरा.

एडिटर बंद करताना ‘शटडाउन’, त्याचं उत्तर आल्यावर ‘एक्झिट’.