उम्ब्रिया: स्थानिक गाइड घेऊन गावं, जेवण आणि वाइन कशी अनुभवावी

मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रदेशाबद्दलचे बहुतेक सल्ले शेजारच्या टस्कनीसाठी लिहिलेले असतात आणि गावांची नावं बदलून खपवले जातात. भाड्याने गाडी घ्या, दिवसात चार वाइनऱ्या करा, वाटेत असिसी उरका. असं फिरलेला माणूस दमून जातो आणि मोन्तेफाल्को गावची साग्रांतिनो (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) 'कडू आहे' म्हणून ग्लासात तशीच सोडून येतो. खालचा आराखडा चार-पाच दिवसांचा आहे. व्हिसा, विमा, विमानाची तिकिटं झालेली आहेत असं धरलंय.

१. मुक्काम फोलिन्योत. पेरुजा डोंगरावर आहे, सुंदर आहे, पण रोज चढ-उतार नको. फोलिन्यो सपाटीवर आणि रोमच्या रेल्वेमार्गावर आहे. असिसी, स्पेल्लो, स्पोलेतो, त्रेवी ही सगळी गावं इथून ट्रेनने होतात.

२. महिना. मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. १५ ऑगस्टच्या आगेमागे अर्धा इटली सुट्टीवर असतो, तेव्हा जाऊ नका.

३. गाइड ठरवणं. सगळा घोळ इथे होतो.

'लोकल गाइड' शोधायला गेलात की तीन वेगवेगळी माणसं समोर येतात. पहिला परवानाधारक गाइड, इटालियनमध्ये 'ग्विदा तुरिस्तिका'. हा परीक्षा देऊन आलेला असतो आणि चर्च, संग्रहालय, जुनं गाव समजावून सांगणं हे त्याचंच काम. दुसरा 'एन-ची-ची' परवान्याचा ड्रायव्हर, म्हणजे गाडीसकट भाड्याने मिळणारा माणूस. तो गप्पा छान मारतो, पण तुम्हाला दारापर्यंत सोडतो. आत येऊन भित्तिचित्रं समजावणं त्याच्या कामात बसत नाही. तिसरा वाइनरीतला यजमान. त्याचे पैसे टेस्टिंगच्या शुल्कातच असतात.

लोक ड्रायव्हर ठरवतात आणि मोन्तेफाल्कोच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये, बेनोत्सो गोत्सोलीने १४५२ साली रंगवलेल्या चित्रांसमोर, मोबाइलवर माहिती शोधत उभे राहतात. किंवा उलट: पूर्ण दिवसाचा गाइड घेतात आणि दुपारभर तो वाइनरीत यजमानाचं बोलणं ऐकत बसतो, मीटर मात्र तुमचा चालू. म्हणून गावांचा दिवस आणि वाइनचा दिवस वेगळे ठेवा. गावांच्या दिवशी गाइड, तोही अर्ध्याच दिवसाचा (साधारण तीन तास). वाइनच्या दिवशी फक्त ड्रायव्हर. गाइडचे पैसे माणशी नसतात, अख्ख्या गटाचे असतात. दोघांना जड जातात, सहा जणांत काहीच वाटत नाही.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी परवाना क्रमांक मागा. २०२३ च्या कायद्याने गाइडांची नोंद देशपातळीवर आणली आहे, त्यामुळे क्रमांक द्यायला खरा गाइड कां-कू करत नाही. प्रवेशशुल्क धरलंय का, हे लेखी घ्या. वाइनऱ्या त्याने सुचवल्या असतील तर 'याच का?' असं सरळ विचारा. उत्तरात द्राक्षं, जमीन, मालक असं काही आलं तर ठीक. नुसतंच 'व्हेरी नाइस व्ह्यू' आलं तर कमिशन समजा. फोलिन्योच्या गाइडला तो किंतानाच्या दहा 'रिओने'पैकी, म्हणजे मोहल्ल्यांपैकी, कुठल्या बाजूचा आहे ते विचारून बघा. किंताना ही तिथली घोडेस्वारांची स्पर्धा. स्थानिक माणूस त्यावर थांबायचं नाव घेत नाही. बेवान्या गावात जूनमधल्या 'गाइते'च्या, म्हणजे तिथल्या जुन्या मोहल्ल्यांच्या, जत्रेबद्दल हेच. तिथल्या मध्ययुगीन धर्तीच्या कागद आणि मेणबत्तीच्या कार्यशाळा आधी ठरवून बघता येतात, आणि ते ठरवायला गावातलाच माणूस लागतो.

४. जेवणाचा निरोप. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून काम भागत नाही. उम्ब्रिया हा डुकराच्या मांसाचा प्रदेश आहे. नॉर्चा गावच्या नावावरूनच इटलीत अशा दुकानांना 'नॉर्चिनेरिया' म्हणतात. मांस ताटात दिसत नाही, पण पदार्थात असतं. मसुराच्या सूपमध्ये फोडणीला ग्वांचाले (डुकराच्या गालाचं मांस), तोर्ता अल तेस्तो या तव्यावरच्या जाड पोळीत कधी चरबी, आणि काळ्या ट्रफलच्या (जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी बुरशीच्या) पारंपरिक सॉसमध्ये अँचोव्ही मासा. ट्रफलची पास्ता बिनधास्त मागवणारे शाकाहारी इथेच फसतात.

गाइडला किंवा रेस्टॉरंटला निरोप असा पाठवा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा अच्चूगे, सेन्झा स्त्रुत्तो, सेन्झा ब्रोदो दी कार्ने. म्हणजे मांस, मासा, अँचोव्ही, डुकराची चरबी, मांसाचं पाणी, काहीच नको. पेकोरिनो चीजमध्ये सहसा प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. ते चालत नसेल तर 'कालिओ वेजेताले' (वनस्पतीजन्य रेनेट) आहे का विचारा.

एवढं सांगितलं की जेवण चांगलं मिळतं. स्त्रांगोत्सी ही इथली पास्ता पीठ-पाण्याची, सहसा बिनअंड्याची. 'आल्ला स्पोलेतिना' म्हणजे टोमॅटो, लसूण, मिरची. 'आल्ला नॉर्चिना' मात्र टाळा, त्यात सॉसेज असतं. कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर, कान्नाराचा लाल कांदा, त्रासिमेनो तळ्याकाठच्या चिमुकल्या शेंगांचे दाणे, हे सोडू नका. ब्रेडला मीठ नसतं. तक्रार करू नका, तो तसाच असतो. दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद.

५. वाइनचा दिवस. दिवसाला दोनच वाइनऱ्या. हिशोब सोपा आहे: एका ठिकाणी पाच वाइन, प्रत्येकी अंदाजे ५० मिली, म्हणजे २५० मिली. तिसऱ्या वाइनरीतून बाहेर पडेपर्यंत माणशी एक अख्खी बाटली पोटात गेलेली असते, आणि साग्रांतिनोत अल्कोहोल १४-१५ टक्क्यांच्या घरात. इटलीत ड्रायव्हिंगची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, म्हणूनच ड्रायव्हर. थुंकायचं भांडं समोर असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही.

पहिली भेट साडेदहा-अकराला, दुसरी चारला, मध्ये व्यवस्थित जेवण. रिकाम्या पोटी साग्रांतिनो प्यायची नाही. या द्राक्षाच्या सालीत टॅनिन भरपूर. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड ओढून घेतं. त्याला उतारा पाण्याचा नाही, स्निग्ध पदार्थाचा. एक घोट, मग पेकोरिनोचा तुकडा किंवा ऑलिव्ह तेलात बुडवलेला ब्रेड, मग पुन्हा त्याच वाइनचा घोट. दुसऱ्या घोटाला तुरटपणा मागे सरतो आणि फळाची चव पुढे येते. पहिल्या घोटावर मत बनवू नका.

क्रम: त्रेब्बियानो स्पोलेतिनो किंवा ग्रेकेत्तो ही पांढरी, मग मोन्तेफाल्को रोस्सो (यात मुख्य द्राक्ष सांजोवेझे, साग्रांतिनो थोडी), मग कोरडी साग्रांतिनो, शेवटी पासितो. पासितो म्हणजे द्राक्षं किमान दोन महिने सुकवून केलेली गोड वाइन. पूर्वी साग्रांतिनो प्रामुख्याने अशीच व्हायची. कोरडी साग्रांतिनो बाजारात यायला निदान ३७ महिने लागतात, त्यातले १२ लाकडात. म्हणून एकच नवं साल चाखवत असतील तर आठ-दहा वर्षं जुनी बाटली उघडता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा, जादा पैसे पडले तरी. तिथे गेल्यावर विचारलंत तर बहुधा नाहीच मिळत. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात तोडणी चालू असते, बोलायला कुणाला वेळ नसतो.

६. ट्रफल आणि तेल. उत्तम काळं ट्रफल डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यातलं 'स्कोर्झोने' बरंच सौम्य, त्यासाठी वेगळा दिवस काढू नका. कुत्रा सरळ धावत जाऊन भुसभुशीत मातीत पंजा घालू लागला तर ट्रफल आधीच पुरलेलं असू शकतं. सापडलेलं ट्रफल आपोआप तुमचं होत नाही, ते वजनावर विकलं जातं; भाव आधी विचारा. ऑलिव्ह तेलाची घाणी मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालू असते. तेव्हा त्रेवीला नक्की जा, एरवी तिथे बंद यंत्रंच दिसतात.

७. मोन्तोने. फोलिन्योहून उत्तरेला, गाडीने सुमारे तासाभरावर. इथल्या वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले; माणगावजवळच्या पळसगावचे, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. गावात २०२३ पासून त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं आहे. नेहमीच्या सहलीत हे गाव नसतं, म्हणून गाइडला बुकिंग करतानाच सांगा.

८. परत आणणं. भारतात शुल्कमुक्त मर्यादा दोन लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. पण पासितो बहुतेकदा ३७५ मिलीत मिळते, ती त्या दोनांबरोबर चालते. तेल काचेत न घेता डब्यात घ्या, वर तोडणीचं साल बघा, आणि सगळं चेक-इन बॅगेत.