अमेरिकेतला सीपीए: आधी राज्य ठरवा, मग क्रेडिट मोजा

सीपीए म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल. त्याची परीक्षा अख्ख्या अमेरिकेत एकच आहे, पण लायसन्स देतं ते त्या-त्या राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड. शिक्षणाची अटही तेच ठरवतं. भारतातून अर्ज करणारे अनेकजण आधी क्लासची फी भरतात आणि राज्य नंतर निवडतात. मग कळतं की आपली पदवी त्या राज्यात बसतच नाही. त्यामुळे सुरुवात राज्यापासूनच करा.

शिक्षणाचं मोजमाप सेमिस्टर क्रेडिटमध्ये होतं. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम किती मोठा आहे ते सांगणारं एकक. तिथली चार वर्षांची पदवी म्हणजे साधारण १२० क्रेडिट. लायसन्ससाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं १५० मागितले. फ्लोरिडाने ही अट १९८३ मध्ये सर्वांत आधी लागू केली. परीक्षेला बसायला मात्र अनेक राज्यांत १२० पुरतात. परीक्षेची पात्रता आणि लायसन्सची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचे चारही पेपर प्रत्येकी किमान ७५ गुणांनी सुटले, तरी क्रेडिट अपुरे असतील तर लायसन्स अडतं.

आपल्याकडचं एक पूर्ण वेळ वर्ष ढोबळमानाने ३० क्रेडिटचं धरलं जातं. तीन वर्षांचं बी.कॉम. म्हणजे ९०, त्यावर दोन वर्षांचं एम.कॉम. म्हणजे १५०. हा फक्त अंदाज. खरा आकडा राज्याला मान्य असलेली मूल्यमापन संस्था, म्हणजे परदेशी पदवीचे अमेरिकन क्रेडिट काढून देणारी संस्था, ठरवते, आणि एकाच गुणपत्रिकेला दोन संस्था वेगवेगळे क्रेडिट देऊ शकतात. म्हणून अहवाल कोणाचा चालतो हे बोर्डाकडून आधी पक्कं करा.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते विषयांत. एकूण १५० भरले तरी त्यातले ठरावीक क्रेडिट अकाउंटिंगचे आणि ठरावीक व्यवसायविषयक लागतात. दोन्हीकडे २४ च्या आसपासचा आकडा बऱ्याच राज्यांत दिसतो. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाचं प्राथमिक अकाउंटन्सी अकाउंटिंगच्या रकान्यात धरतच नाहीत. तिथे वरच्या पातळीचे विषय लागतात: वित्तीय अहवाल, ऑडिट, कर, कॉस्टिंग. अर्थशास्त्र, व्यावसायिक कायदा, सांख्यिकी, फायनान्स हे दुसऱ्या रकान्यात जातात. गुणपत्रिका घेऊन प्रत्येक पेपर कुठे बसतो ते स्वतः लिहून काढा. तूट मूल्यमापनाची फी भरण्याआधीच दिसते. ही तूट भरून काढायला अख्खी नवी पदवी लागेलच असं नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाचे सुटे कोर्सही चालतात, पण बोर्डाला विचारूनच घ्या. अमेरिकन विद्यापीठ क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांचं, असेल तर तिथले तीन क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे दोनच.

कागदपत्रांना वेळ लागतो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेली गुणांची अधिकृत नोंद, बहुधा विद्यापीठाकडून थेट मूल्यमापन संस्थेकडे जावं लागतं. तुम्ही पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. लग्नानंतर बदललेलं नाव किंवा पासपोर्टवरचं वेगळं स्पेलिंग यावरून फाइल थांबते, म्हणून नाव आधी जुळवून घ्या.

अलीकडे नियम बदलू लागले आहेत. ओहायोत १ जानेवारी २०२६ पासून पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा असाही मार्ग खुला आहे. १५० क्रेडिटचा जुना मार्ग सगळीकडे एकमेव राहिलेला नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. अर्जाच्या आठवड्यात बोर्डाच्या संकेतस्थळावरचे नियम पुन्हा वाचा आणि शंका ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवा.