बसऱ्याला गेलेल्या पणजोबांची माहिती काढायचीय? आधी एवढी तयारी करा

पहिल्या महायुद्धात आपल्या घरातलं कोणीतरी बसऱ्याला, म्हणजे इराककडच्या लढाईला गेलं होतं, एवढंच सातारा-सांगली-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत सांगतात आणि त्यापुढे कोणालाच काही माहीत नसतं. मग कधीतरी एखादा नातू किंवा पणतू हौसेने शोधायला बसतो, थेट लंडनच्या अभिलेखागाराची वेबसाइट उघडतो, शिंदे टाकून सर्च मारतो, समोर ढीगभर शिंदे येतात आणि गडी वैतागून लॅपटॉप बंद करतो. नुसत्या नावावर काहीही हाती लागत नाही. पलटण, नंबर आणि गाव या तीन गोष्टी आधी जमवा, आणि त्या तिन्ही बहुतेक वेळा घरात, भावकीत नाहीतर तहसीलला मिळतात.

सुरुवात मेडलपासून करा. देव्हाऱ्याच्या मागे, ट्रंकेत, धाकट्या चुलत्याच्या कपाटात, कुठेतरी असतंच. राजाचं तोंड बघत बसू नका, मेडलची कड बघा, गोल मेडल असेल तर त्या जाड कडेवर बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि 1914-15 चा स्टार असेल तर हेच सगळं मागच्या बाजूला. चकचकीत करायला चिंच, पितांबरी असलं काही लावू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात, आहेत तीही जातील. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरायचा आणि मेडल हळूहळू फिरवत मोबाईलवर फोटो काढायचे. बऱ्याच घरांत चांदीचं मेडल अडचणीत सोनाराकडे गेलेलं असतं आणि पिवळं व्हिक्टरी मेडल तेवढं उरतं, तरी चालतं, त्यावरही तोच मजकूर असतो. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर माणूस बहुधा बंदूकवाला शिपाई नव्हता, लेबर किंवा पोर्टर कोरमध्ये, म्हणजे मजूर-हमालांच्या तुकडीत होता, म्हणजे शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागणार. आणि नंबर कधीही पलटणीशिवाय लिहून ठेवू नका, तेव्हा नंबर पलटणीपलटणीचे वेगळे होते, एकच नंबर दहा ठिकाणी सापडू शकतो.

मेडल नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण "कोणती रेजिमेंट" असं नका विचारू, पलटणीचं टोपणनाव विचारा. "जंगी पलटण" म्हणाले तर 103 नंबरची मराठा पलटण, "काळी पाचवी" म्हणाले तर 105. नुसतं "पाचवी मराठा" म्हणाले तर जपून, कारण 1922 साली 103, 105, 110, 116, 117 या सगळ्या पलटणी फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. मराठा नावाच्या पलटणीतच होता असंही धरून चालू नका, किर्कीचे, म्हणजे खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स (पूल-रस्ते बांधणारे) होते, खेचरांच्या कोर होत्या, 1917 ला उभी राहून 1921 ला मोडलेली 111 महार होती. कोकणातला माणूस बोटीवर खलाशी असेल तर मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये खलाशांचं स्मारक आहे, त्याची यादी आधी बघा.

आता एक वही किंवा एक्सेल घ्या आणि आडनाव-गावाची सगळी इंग्रजी स्पेलिंगं लिहून काढा. साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, पवारचं पोवार होतं, शिंदेतला एच गायब होतो, मराठामध्ये नको तिथे एच घुसतो. शिवाय जिल्हे तेव्हाचे लावा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते, मालवण-देवगड रत्नागिरीत, आजचा रायगड म्हणजे कुलाबा, आणि सावंतवाडी तर संस्थानच. सांगली टाकून शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही.

एवढं झालं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर जा, फुकट आहे. इथे फक्त युद्धात मरण पावलेल्यांच्या नोंदी असतात, परत आलेल्यांच्या नाहीत, त्यामुळे पणजोबा पुढे गावात म्हातारे होऊन वारले असतील तर इथे वेळ घालवू नका, मेडल कार्ड, म्हणजे कोणाला कोणतं मेडल मिळालं त्याची नोंद शोधा. युद्धातच वारले असतील तर नावाच्या रकान्याऐवजी "ॲडिशनल इन्फो"मध्ये गाव किंवा तालुका टाकून बघा, कारण बऱ्याच नोंदींत "अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका तमुक, सातारा, बॉम्बे" असं लिहिलेलं असतं, आणि बापाचं नाव जुळलं की समजा माणूस सापडला. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, पण भिंतीवर आपल्या लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांचीच नावं, साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. पूर्वी वाचलं की राग यायचा, अजूनही येतो. नावं रजिस्टरात आहेत, म्हणून भिंतीचा फोटो बघून निराश होऊ नका.

पलटण 103, 110 किंवा 117 निघाली तर इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेला वेढा वाचून ठेवा. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने, शेवटी उपासमार आणि शरणागती. कैद झालेल्या आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं, म्हणून मृत्यूची तारीख कूतनंतरची दिसली तर ती चूक समजून खोडू नका. जिनेव्हाच्या रेड क्रॉसने तेव्हाच्या कैद्यांच्या याद्या ऑनलाइन टाकल्यात, त्याही चाळा.

खरा माल मात्र महसुलात असतो, आणि तिकडे कोणी फिरकतच नाही. शिपाई वारला की जमिनीला वारस लागायचे, म्हणजे फेरफार व्हायचा. त्यात मयत खातेदार, वारस मुलगा अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), आणि पुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव. हे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि ज्या पणजीचं नाव घरात कोणालाच माहीत नाही ते कित्येकदा फक्त या एका ओळीत उरलेलं असतं. आजच्या सातबाऱ्याचा गट नंबर, त्याचा जुना सर्व्हे नंबर, आधारची झेरॉक्स, कोर्ट फीचं तिकीट असं सगळं घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज द्या, जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर त्याच अर्जात मागा. त्याआधी "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर तुमचा तालुका स्कॅन झालाय का ते बघा, हेलपाटा वाचेल. कुणबी नोंदींच्या शोधात बरीच जुनी रजिस्टरं बाहेर निघालीत, काही जिल्ह्यांच्या साइटवर गाववार पीडीएफ पडल्यात, त्याही उघडा. जुनं पान मोडीत असणार हे धरूनच चला, वाचून देणारा माणूस आधी ठरवा, त्याला अख्खं पान पाठवा, एका ओळीचं कात्रण पाठवलं तर तोही काय करणार.

सांगली-कोल्हापूरकडे वंशावळी सांगत फिरणारे हेळवी येत असतील तर ते येतील तेव्हा तुमच्या घराण्याची वंशावळ पूर्ण वाचून घ्या, परवानगी मागून रेकॉर्ड करा. त्र्यंबकच्या किंवा पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्यांतही घरातलं कोण कधी येऊन गेलं ते सापडतं, फक्त गाव आणि आडनाव नीट सांगा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" पोर्टल, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, बेळगावचं मराठा सेंटर आणि लंडन, हे सगळं शेवटी. लंडनला साध्या शिपायाची सर्व्हिस फाइल मिळेल ही आशा ठेवू नका, मिळते ती पलटणीची वॉर डायरी, त्यात साहेबांची नावं आणि आपल्या लोकांचे आकडे, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं. जिथे जाल तिथे आधी फोन करा, फोटो आयडी आणि पेन्सिल न्या, आणि पैसे घेऊन शोधून देणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारा की तुम्ही नंबरवरून शोधता की नावावरून. नावावरून म्हणाला तर नमस्कार करून निघा.