ताग आणि बेसॉल्टचा कंपोझिट तक्ता कसा बनवावा

कंपोझिट म्हणजे तंतूंच्या कापडाचे थर रेझिनने एकत्र बांधून केलेला पदार्थ. ताग हलका असतो, पण पाणी पितो. बेसॉल्टचा तंतू वितळवलेल्या कातळातून ओढलेला असतो. तो ताठ असतो आणि पाण्याला जुमानत नाही, मात्र तागाच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. म्हणून ताग पोटात आणि बेसॉल्ट दोन्ही अंगांना ठेवावा. तक्ता वाकताना जास्तीत जास्त ताण बाहेरच्या थरांवरच येतो.

30×30 सेंमीच्या तक्त्यासाठी चौ.मी.ला 300 ग्रॅम वजनाच्या तागाच्या कापडाचे 3 थर (81 ग्रॅम) आणि 200 ग्रॅमच्या बेसॉल्ट कापडाचे 2 थर (36 ग्रॅम) लागतात. इपॉक्सी (हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे द्रव्य, मिसळल्यावर कडक होणारे रेझिन) हार्डनरसह तागाच्या वजनाच्या दुप्पट आणि बेसॉल्टच्या वजनाइतकी धरा. ब्रश आणि भांड्याला चिकटून जाणारी धरून एकूण 220 ग्रॅम पुरते.

तागाची तयारी. कामाचे यशापयश इथेच ठरते. कापड धुतल्यावर आकसते, म्हणून तुकडे 35 सेंमीचे कापा. 1.9 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळते. भांडे प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे हवे. अॅल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे आणि चष्मा घालाच. कापड या द्रावणात 2 तास बुडवून ठेवले की मेण, तेल आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला एक घटक) निघून पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझिनला धरायला जागा मिळते. द्रावण याहून तीव्र केले तर तंतूच कमजोर होतो. भरपूर पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घाला आणि सोडा उरला नाही ना, ते लिटमस कागदाने तपासा.

मग 80 अंश सेल्सिअसवर वाळवा, वजन उतरायचे थांबेपर्यंत. हाताला कोरडा लागलेला ताग कोरडा असतोच असे नाही. दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी धरून बसतो. तेच पाणी पुढे बुडबुडे आणि सुटलेले थर बनून वर येते. वाळलेले कापड 30 सेंमीला कापून लगेच वापरा, नाहीतर हवाबंद पिशवीत ठेवा.

बेसॉल्टला यातले काहीच करायचे नाही. त्यावर रेझिन धरणारा लेप कारखान्यातच दिलेला असतो, धुतला की गेला.

थर लावणे. ज्या सपाट काचेवर थर लावायचे तिला मेणाचे तीन हात द्या, म्हणजे तक्ता चिकटणार नाही. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, वजन करून मिसळा. 100:30 असेल तर 169 आणि 51 ग्रॅम. हार्डनर वाढवला म्हणून काम लवकर होत नाही, तक्ता मऊ राहतो. मिश्रण दोन खेपांत करा, एकाच भांड्यात सगळे ठेवले तर तापून घट्ट होते. आधी रेझिन, त्यावर बेसॉल्ट, मग एकेक करून ताग, शेवटी बेसॉल्ट. प्रत्येक तागाच्या थराला रेझिन मुरायला दोन-तीन मिनिटे द्या, मग रोलरने हवा काढा. वर पॉलिथिन, सपाट फळी आणि 20 किलो वजन ठेवून 24 तास हलवू नका.

तक्ता सुमारे 3 मिमी जाड आणि 300 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. बराच कमी भरला आणि पांढुरके डाग दिसले तर ताग उपाशी राहिला आहे, म्हणजे त्याला रेझिन कमी पडले आहे. नाण्याने ठोकून पाहा; आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेले असतात.

कापलेल्या कडा आणि पाडलेली भोके त्याच दिवशी इपॉक्सीने बंद करा. उघड्या टोकांतून ताग वातीसारखे पाणी ओढतो.