धनुष्याच्या शिकारीला जाताना पिस्तूल न्यावं का, आणि न्यायचंच तर कसं

सप्टेंबर जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्यानं बहुधा नुकतंच कंपाउंड बो, म्हणजे चाकांचं आधुनिक धनुष्य, घेतलेलं असतं, हंटर एज्युकेशनचा कोर्स आटोपलेला असतो आणि अस्वल अंगावर येतानाचे चार व्हिडिओ बघून स्वतःची झोप उडवून घेतलेली असते. मी त्याला उलट विचारतो, जाणार कुठे? मिशिगनात मचाणावर बसून व्हाइटटेल हरणाची वाट बघणार असाल तर पिस्तूल घरी ठेवा. मोंटाना-वायोमिंगच्या ग्रिझलीच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाच्या, मुलखात एल्क या मोठ्या हरणामागे जाणार असाल तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, अंगावर अडकवल्याशिवाय गाडीतून उतरू नका. पिस्तुलाचा विचार त्यानंतर, आणि तोही हात बसलेला असेल तरच.

मी मिशिगनात राहतो आणि शक्य होईल तेव्हा सप्टेंबरात पश्चिमेला जातो, त्यामुळे दोन्हीकडची भीती ओळखीची आहे. मिशिगनातली भीती बरीचशी अंधाराची असते. तिथे धनुष्यवाले शिकारी जायबंदी होतात ते मचाणावरून पडून. पहाटेचा गारठा, पायऱ्यांवर दव, अंगावर तीन थर कपडे आणि पंधरा-वीस फुटांवर पाय टेकायला जेमतेम जागा. जमीन सोडल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा-पट्टा, दोराला अडकवलेला हवा, नुसतं वर बसल्यावर नाही. धनुष्य आणि बाण दोरीनं मागाहून वर ओढायचे, पाती भात्यात झाकलेली. पिस्तुलावर सहाशे-सातशे डॉलर सहज घालणारा माणूस हार्नेस घेताना घासाघीस करतो, हे मी दुकानात उभं राहून पाहिलं आहे. काळं अस्वल आलंच मचाणाखाली तर उभे राहा, आवाज द्या, हात हलवा. बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं.

कायद्याचं आधी बघून घ्या, कारण यात ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही. नियम राज्याराज्यांत वेगळे. मिशिगनात फक्त-धनुष्याच्या हंगामात शिकार करताना बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, पण सीपीएल, म्हणजे पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना असेल तर ते नेता येतं. त्यानं शिकार मात्र करता येत नाही. पेनसिल्व्हेनियातही साधारण हीच रीत, परवानाधारकाला मुभा. मोंटानात २०२१ पासून पिस्तूल लपवून बाळगायला वेगळा परवाना लागत नाही, कोलोरॅडोत लागतो. एका राज्यात चाललं म्हणून शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, तेव्हा त्या वर्षीचं शिकारीचं नियमपुस्तक काढून धनुष्याच्या हंगामाचं पान स्वतः वाचा.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी इथले गोरे मित्र कधी सांगणार नाहीत, कारण त्यांच्यावर ती वेळच येत नाही. तुम्ही एच-१बी किंवा एफ-१ अशा व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि गोळ्या, दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातलं पिस्तूल गुन्ह्यात मोडायला लागलं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. गांजा ओढणाऱ्यानं मात्र, व्हिसा कुठलाही असो, हा नादच सोडावा. कोलोरॅडोत दुकानात मिळत असला तरी केंद्राच्या लेखी गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. शंका असेल तर वकिलाला पैसे द्या. मित्राच्या सांगण्यावर इमिग्रेशन पणाला लावू नका.

आता ग्रिझलीचा मुलूख. धनुष्यवाल्याची गोची अशी की अस्वलाच्या मुलखात जे जे करू नये म्हणतात ते सगळं तो मुद्दाम करत असतो. आवाज न करता चालतो. वारा तोंडावर ठेवतो, म्हणजे पुढच्या जनावराला त्याचा वास जात नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो. अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे, आणि तोंडानं एल्कच्या मादीचा आवाज काढतो. रायफलवाला दोन-तीनशे यार्डांवरून गोळी घालतो. आपल्याला एल्क तीस-चाळीस यार्डांवर हवा, म्हणजे दाट झाडीत शिरणं आलं. त्या आवाजाला एल्कऐवजी अस्वल आलं तर ते जेवायला आलेलं असतं, आणि ते दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. ग्रिझली ताशी पस्तीस मैलांपर्यंत पळू शकतं. तीस यार्डांवरून निघालेलं अस्वल दोन सेकंदांच्या आत तुमच्यापाशी.

या दोन सेकंदांत काय जमतं, यावरच स्प्रे की पिस्तूल हा वाद मिटवायला हवा. लोक तो आकड्यांनी मिटवायला जातात. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या नोंदी तपासल्या. स्प्रेवरचा अभ्यास २००८ मध्ये आला, १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटनांचा. दहापैकी नऊहून अधिक वेळा स्प्रेनं तपकिरी अस्वल थांबलं आणि जवळून गाठ पडूनही स्प्रेवाल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. बंदुकांवरचा अभ्यास २०१२ चा, २६९ घटनांचा. पिस्तुलं ८४ टक्के वेळा उपयोगी पडली, पण बंदूक जवळ असलेल्यांत ती वापरणाऱ्यांची आणि न वापरणाऱ्यांची इजा फारशी वेगळी निघाली नाही. पिस्तूलवाले म्हणतात, स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल नुसतं हुंगत आलं होतं, तुलना सारखी नाही. त्यात तथ्य आहे. मला त्या आकड्यांतून एवढंच दिसतं की घाबरलेल्या माणसाला नेम धरावा लागणार नसेल तर त्याचं बरं चालतं.

स्प्रेचा डबा किमान ७.९ औंसांचा, त्यावर ‘बेअर स्प्रे’ असं स्पष्ट लिहिलेलं. माणसांवर मारायची छोटी बाटली नको. चाळीस-पन्नास डॉलरांत येतो. मुदत छापलेली असते ती बघा, तीन-चार वर्षांत बदलायचा. अस्वल तीसेक फुटांवर असताना, जरा खाली रोखून, दोन-तीन सेकंद फवारा, म्हणजे ते धावत येऊन त्या ढगात शिरतं. वारा अंगावर येत असेल तर थोडं तुमच्याही डोळ्यांत जाणार, तरी फवारा. फवारलेल्या जागी थांबू नका, आणि तंबूवर आधीच मारून ठेवायचा शहाणपणा तर मुळीच नको, वाळलेल्या स्प्रेचा वास अस्वलांना उलट खेचतो. सरावासाठी बिनतिखटाचा डबा मिळतो. अंगणात पाच-सहा वेळा काढून, अंगठ्यानं सेफ्टीचा चिमटा उडवून बघा.

पिस्तूल न्यायचं ठरलंच तर दहा मिलिमीटर किंवा .४४ मॅग्नम, आणि गोळी हार्डकास्ट, म्हणजे कडक शिशाची, कारण इथे गोळी फुलायला नको, हाडामांसातून आत शिरायला हवी. .४४ चं रिव्हॉल्व्हर ऐकायला भारदस्त, पण पहिल्या धक्क्यानंतर दुसरी गोळी कुठे जाते ते रेंजवर बघा, मग बोला. दहा मिलिमीटरच्या ग्लॉक २० पिस्तुलात १५ गोळ्या बसतात. भरलेलं किलोभराच्या वर जातं, आणि ते वजन चढावर दिवसभर छातीवर लटकणार आहे. चेंबरमध्ये काडतूस ठेवून वावरायची तुम्हाला धास्ती वाटत असेल तर तेच तुमचं उत्तर: पिस्तूल नेऊ नका. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला दोन हात आणि एक सेकंद लागतो, आणि दोन्ही तुमच्यापाशी नसतील.

आता ते अडकवायचं कुठे, याचा बाजारात कोणी नीट विचार केलेला दिसत नाही. कमरेवर पाठपिशवीचा पट्टा येतो, म्हणून छातीवरचं होल्स्टर. पण छातीवर आधीच दुर्बिणीची पिशवी असते, आणि ती पिस्तुलाची मूठ झाकते. होल्स्टर पिशवीच्या खाली, मूठ मोकळी राहील असं सरकवा. मग सगळे थर, जॅकेट, पाठपिशवी चढवून लक्ष्यासमोर उभे राहा, बाण लावून धनुष्य पूर्ण ओढा आणि दोरी छातीच्या डाव्या बाजूला कुठे टेकते ते बघा. दोरी होल्स्टरच्या पट्ट्याला किंवा बक्कलला घासली तर बाण हातभर बाजूला जाईल. बाण न लावता दोरी सोडून बघू नका, धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे तुकडे होऊ शकतात.

याहून वाईट गाठ रिलीज एडशी, म्हणजे दोरी ओढून सोडायच्या छोट्या साधनाशी, पडते. मनगटाच्या पट्ट्याचा रिलीज असेल तर त्याचा आकडा तळहाताशी लोंबत असतो. उजव्या हातानं पिस्तुलाची मूठ धरायला गेलात की आकडा मूठ आणि तळवा यांच्या मधे येतो, नाहीतर थेट ट्रिगर गार्डमध्ये शिरतो. अंगावर धावून येणारं जनावर समोर असताना ट्रिगरपाशी लोखंडी आकडा कोणाला हवा आहे? मागे दुमडून मनगटाच्या वरच्या अंगाला बसणारा रिलीज घ्या किंवा हातात धरायचा, जो एल्क दिसेपर्यंत खिशात राहतो. मग रिकाम्या पिस्तुलानं, दोनदा तपासून रिकामं केलेल्या, सराव करा: डाव्या हातातलं धनुष्य टाकून द्यायचं (हजार डॉलरांचं असलं तरी, मन धजत नाही म्हणूनच सराव), उजवा हात छातीवर, पिस्तूल बाहेर. स्प्रे दोन्ही हातांना पोचेल असा, दुर्बिणीच्या पट्ट्यावर. पाठपिशवीच्या पट्ट्यावर अडकवलेला स्प्रे पिशवी उतरवली की पिशवीबरोबर जातो.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. २०१८ च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या टेटॉन विल्डर्नेसमध्ये एक गाइड आणि त्याचा पाहुणा आदल्या संध्याकाळी बाणानं मारलेला एल्क दुसऱ्या दिवशी सोलत असताना ग्रिझली थेट अंगावर आलं. पिस्तूल होतं, पण काही अंतरावर सामानापाशी. पाहुणा तिथवर पोचला, पण गोळी झाडता आली नाही. गाइड मारला गेला.

धनुष्यवाल्याला खरा धोका बाण सुटल्यानंतरचा असतो. बाण लागला की आपण अर्धा-एक तास थांबतो, कधी रात्रभर. तेवढ्यात रक्ताचा वास दरीभर पसरतो. दुसऱ्या दिवशी जनावराकडे जाताना आता चोरपावलं नकोत. वाऱ्याच्या वरच्या अंगानं, मोठ्यानं बोलत जा, दुर्बिणीनं लांबूनच बघा. कावळे, ओढून टाकलेली माती, जनावरावर रचलेला पालापाचोळा दिसला तर तो एल्क तुमचा राहिलेला नाही. शिंगं कितीही मोठी असोत, मागे फिरा आणि वन्यजीव खात्याला कळवा. सगळं ठीक असेल तर एकानं सोलायचं, दुसऱ्यानं सुरी बाजूला ठेवून फक्त पहारा करायचा, पाठीला पाठ लावून नाही तर झाडीकडे तोंड करून. एकटे असाल तर दर दोन-चार मिनिटांनी मान वर. मांस आतड्यांपासून शंभर यार्डांवर, उघड्या जागी न्या. रात्री टांगायचं तर जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब.

जखमी हरीण तडफडत असलं तरी ‘सुटका’ म्हणून पिस्तूल काढू नका. धनुष्याच्या हंगामात ती बंदुकीनं केलेली शिकार ठरते. दुसरा बाण लावा.

माणसांच्या भीतीनं पिस्तूल हवं म्हणणारेही भेटतात. आडवाटेला गांजाचं चोरटं शेत किंवा पाण्याच्या नळ्या दिसल्या तर आल्या पावली परत फिरा, फोटोसुद्धा काढू नका. दुसऱ्या शिकाऱ्याशी मचाणाच्या जागेवरून वाद झाला तर जागा सोडा. छातीवर पिस्तूल असताना वाद घालणं दोघांनाही महागात पडतं.

आणि गोळी झाडायची वेळ आलीच, तर त्यानंतरचं. अलास्का सोडून खालच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी मारलं असेल तर कायदा ते मान्य करतो, पण सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते; एरवी ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंग. सुरक्षित जागी पोचताच राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा. नखं, कातडं, काहीही हलवू नका; पुंगळ्या, रिकामा डबा आहे तिथेच राहू द्या, अधिकारी पावलांचे ठसे आणि अंतरं मोजतात. ग्रिझलीनं गाठलंच आणि हातात काही उरलं नसेल तर पालथे पडा, बोटं मानेमागे गुंफा, पाठपिशवी अंगावरच राहू द्या. काळ्या अस्वलापुढे मात्र पडून राहायचं नाही, लढायचं.

विमानानं जाणार असाल तर पिस्तूल रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात जातं. बेअर स्प्रे कुठल्याच सामानात चालत नाही. तो तिथे उतरल्यावर विकत घ्या, आणि परत निघताना ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, येणाऱ्या कोणाला तरी देऊन टाका; गाडीत उन्हात ठेवलात तर फुटू शकतो.